ठासणीच्या बारीक रायफलने खारीची शिकार : अमेरिकेतल्या नवख्यांसाठी

अमेरिकेच्या पूर्व आणि मध्य भागात, म्हणजे केंटकी, टेनेसी, मिझुरी, पेनसिल्व्हेनिया या राज्यांत, खारीची शिकार ही घराघरातली गोष्ट आहे. तिथली मुलं शिकारीला लागतात ती बहुतेक वेळा खारीपासूनच. हल्ली त्यासाठी .२२ रायफल किंवा छर्‍यांची बंदूक वापरतात. तरीही काही जण .३२ किंवा .३६ कॅलिबरची ठासणीची रायफल खांद्यावर टाकून रानात जातात. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, कापडात गुंडाळलेली शिशाची गोळी गजाने खाली न्यायची आणि एकच बार काढायचा. तिकडे स्थायिक झालेल्या ज्या मराठी मंडळींना हे शिकायचं आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

या रायफलीचा नेम चाप ओढताना ठरत नाही, भरताना ठरतो. दारूचं माप, कापडाची जाडी, गजावरचा दाब, नळी पुसण्याची पद्धत, यातलं काहीही एका बाराला एक आणि दुसर्‍या बाराला वेगळं झालं की गोळी भलतीकडे जाते. म्हणून पुढे मी भरण्यावर आणि कागदावरच्या सरावावर जास्त लिहिलं आहे, शिकारीवर कमी.

आणि हे सगळं फक्त तिकडचं आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्यप्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे. शेकरू हा तर महाराष्ट्राचा राज्यप्राणी. ठासणीच्या बंदुकीलाही आपल्याकडे परवाना लागतो. सुट्टीत गावी गेल्यावर यातलं काहीही करून बघायचं नाही.

कायदा आणि परवाना

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात ब्लॅक पावडरवर चालणारी ठासणीची रायफल सहसा 'फायरआर्म'च्या व्याख्येत येत नाही. त्यामुळे बर्‍याच राज्यांत ती सहज विकत मिळते, पोस्टाने घरीही येते. पण राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत. न्यू जर्सीत हीच रायफल घ्यायला बंदूक खरेदीचं खास ओळखपत्र लागतं. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असणार्‍यांनी जास्त जपावं. अशा व्हिसावर बंदूक किंवा काडतुसं बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे, आणि त्यातली एक मुख्य सवलत शिकारीचा वैध परवाना असलेल्यांना आहे. दुकानदार काय सांगतो किंवा मित्राने काय केलं यावर जाऊ नका. खरेदीच्या आधी इमिग्रेशन वकिलाला एकदा विचारा. एका खारीसाठी ग्रीन कार्ड धोक्यात घालण्यात अर्थ नाही.

त्यानंतर हंटर एज्युकेशनचा कोर्स करा. बहुतेक राज्यांत विशिष्ट तारखेनंतर जन्मलेल्यांना तो सक्तीचाच आहे. केंटकीत ती तारीख १ जानेवारी १९७५ आहे. सक्ती नसली तरी तो करावा, कारण काटेरी कुंपण ओलांडताना बंदूक कशी ठेवायची, दोघं चालत असताना नळी कुठल्या दिशेला हवी, हे तिथे हातात बंदूक देऊन शिकवतात. मग राज्याचं शिकारीचं लायसन्स काढा. मिझुरीत खारीचा हंगाम मे महिन्याच्या चौथ्या शनिवारी सुरू होतो आणि १५ फेब्रुवारीपर्यंत चालतो. दिवसाला १० खारींची मर्यादा आहे. केंटकीत मुख्य हंगाम ऑगस्टच्या तिसर्‍या शनिवारपासून असतो आणि मर्यादा ६ आहे. नियम बदलत राहतात, तेव्हा त्या वर्षीची सरकारी पुस्तिका वाचूनच निघा.

रायफल निवडताना

अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर भागात जर्मन वंशाच्या कारागिरांनी लांब नळीची रायफल घडवली. ती दक्षिणेच्या डोंगराळ मुलखात पोचल्यावर तिथे बारीक कॅलिबरच्या रायफलीही रुजल्या, आणि त्यामागचं गणित साधं आहे. .५० कॅलिबरची गोल गोळी साधारण १७७ ग्रेनची, म्हणजे साडेअकरा ग्रॅमची. एक पौंड शिशातून तशा जेमतेम ४० गोळ्या निघतात. .३२ ची गोळी वाटाण्याएवढी, ४५ ग्रेनची, तीनेक ग्रॅमची. तितक्याच शिशातून दीडशेच्या वर होतात. दारूही तिसर्‍या हिश्श्यात भागते. दुकान लांब आणि खिसा हलका असलेल्या माणसाला हा फरक मोठा होता. आजही एक पौंड दारूत २० ग्रेनच्या मापाने ३५० बार होतात. छंद म्हणून हे महागडं नाही.

माझा सल्ला .३६ चा आहे. .३२ हलकी, गोड आणि खारीला पुरेशी आहे. पण तिची नळी इतकी अरुंद की दारूची काजळी दोन-तीन बारांतच गोळी अडवू लागते, गज बारीक असल्याने मोडतो, आणि एवढीशी गोळी थंडीने आखडलेल्या बोटांत धरवत नाही. .३६ ची गोळी ६५ ग्रेनची असते. ती हाताळायला सोपी आणि वार्‍याला थोडी कमी भुलणारी. .४० खारीसाठी जास्तच होते, मात्र चांदमारीला उत्तम. तरीही पहिली रायफल .३२ चीच मिळत असेल तर नाही म्हणू नका. ट्रॅडिशन्स कंपनीची क्रॉकेट ही .३२ ची टोपीवाली रायफल नवख्यांच्या हातात बर्‍याचदा दिसते. पेडरसोली या इटालियन कंपनीच्या रायफली थोड्या वरच्या दर्जाच्या आहेत. सुतारकामाची आवड असेल तर किबलरचा सदर्न माउंटन रायफलचा संच घेऊन घरी जुळवता येतो.

टोपी की चकमक? टोपीच्या रायफलीत निपलवर, म्हणजे नळीच्या बुडाशी असलेल्या पोकळ खुंटीवर, तांब्याची छोटी टोपी बसवायची आणि घोडा तिच्यावर आपटतो. चकमकीच्या रायफलीत घोड्याच्या जबड्यातली गारगोटी पोलादी पट्टीवर घासते, ठिणग्या खालच्या वाटीतल्या रंजकात, म्हणजे पेटवायच्या चिमूटभर दारूत, पडतात आणि नळीच्या कानातून, म्हणजे बुडाजवळच्या बारीक भोकातून, आग आत जाते. पहिली रायफल टोपीची घ्या. चकमक सुंदर आहे, पण डोळ्यांपुढे भडका उडत असताना नेम न हलवणं हे वेगळंच शिक्षण आहे. ते दुसर्‍या वर्षी.

बर्‍याच रायफलींना दोन चाप असतात. मागचा ओढला की पुढचा इतका हलका होतो की बोटाच्या नुसत्या स्पर्शाने सुटतो. नेम धरून झाल्याशिवाय मागच्या चापाला हात लावायचा नाही.

दारू, गोळी, कापड

दारू फक्त ब्लॅक पावडर किंवा तिच्यासाठीच बनवलेला पर्याय. आधुनिक काडतुसांतली बिनधुराची पावडर ठासणीच्या बंदुकीत चिमूटभरही घालायची नाही. तिचा दाब या नळ्यांना झेपत नाही, नळी फुटते आणि हात जातो. डब्यावरचं नाव वाचल्याशिवाय, किंवा दुसर्‍याने सुट्या बाटलीतून दिलेली, दारू कधी वापरू नका.

बारीक कॅलिबरला 'थ्री-एफ' जाडीची दारू लागते. गोएक्स, स्विस, शुत्झेन ही नावं दुकानात भेटतील. पायरोडेक्स आणि ट्रिपल सेव्हन हे पर्याय टोपीच्या रायफलीत चालतात. चकमकीने ते नीट पेटत नाहीत. ट्रिपल सेव्हन जास्त जोरकस असल्याने माप सुमारे १५ टक्के कमी ठेवतात. हे पर्याय वजनावर तोलायचे नाहीत. मापाच्या नळकांड्यानेच मोजायचे.

गोळी शुद्ध, मऊ शिशाची हवी. .३२ ला बहुधा .३१० इंच व्यासाची, .३६ ला .३५० ची. नळी आणि गोळी यांच्यातली फट भरून काढतं ते कापड, म्हणजे पॅच. तेच गोळीला आट्यांमध्ये, म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार खाचांमध्ये, धरून फिरवतं. ते शंभर टक्के सुती आणि घट्ट विणीचं हवं. उशीच्या अभ्र्याचं पट्ट्यापट्ट्यांचं जाड कापड अमेरिकेतल्या कापडाच्या दुकानात वारावर मिळतं. आणल्यावर एकदा धुऊन खळ काढून टाका. कृत्रिम धागा मिसळलेलं कापड वितळतं. जाडी एक इंचाच्या हजाराव्या भागांत मोजतात. १० ते १८ च्या दरम्यान तुमच्या नळीला काय मानवतं ते सरावात कळेल.

कापडाला वंगण लागतं. चांदमारीला थुंकी चालते आणि ती चांगलीच चालते. शिकारीला मात्र रायफल तासन्‌तास भरलेली राहते, ओल दारूत उतरते, म्हणून तिथे मेण आणि चरबीचं मिश्रण किंवा मिंकचं तेल लावावं.

याशिवाय पितळी माप, छोटी हातमूठ (गोळी तोंडातून जेमतेम आत सरकवायला), निपलची पाना-किल्ली, गोळी उपसायचा स्क्रू, कापड उपसायचा आकडा, डोळ्यांना चश्मा आणि कानांना बोळे. सरावासाठी पितळी किंवा पोलादी गज वेगळा घ्या आणि नळीच्या तोंडाला घासू नये म्हणून त्यावर टोपण लावा. रायफलीखालचा लाकडी गज जंगलापुरता.

भरायची रीत

पहिल्यांदा रिकाम्या नळीत गज तळापर्यंत सोडा आणि तोंडाशी पेन्सिलने खूण करा. पुढे मापाची दारू आणि गोळी भरून झाल्यावर तिथेही दुसरी खूण करा. या दोन खुणा म्हणजे तुमचा विमा. रायफल कुणाचीही असो, कपाटातून काढलेली असो की विकत घेतलेली, हातात घेतल्यावर आधी गज टाकून बघायचं की ती भरलेली आहे का. 'रिकामीच आहे' या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही.

नळीत साठवणीचं तेल असतं. कोरड्या कापडाने ते पुसून काढा. मग निपलवर टोपी लावा, नळीचं तोंड सुरक्षित दिशेला जमिनीकडे वळवून गवताच्या पात्याजवळ धरा आणि चाप ओढा. पातं झटक्यात हललं तर आतला मार्ग मोकळा आहे. हललं नाही तर दुसरी टोपी. तरीही नाही, तर निपल काढून साफ करा. पहिलाच बार फुसका जाण्याचं सर्वांत मोठं कारण हे राहिलेलं तेल असतं.

आता रायफल उभी करा, तोंड तुमच्या चेहर्‍यापासून दूर. दारू शिंगातून किंवा डब्यातून आधी मापात घ्यायची आणि मापातून नळीत ओतायची. थेट शिंगातून कधीच नाही, कारण आधीच्या बाराची एखादी ठिणगी तळाशी धुमसत असेल तर मापातली २० ग्रेन दारू भडकेल, शिंग हातात असलं तर ते बॉम्बसारखं फुटेल. ओतून झाल्यावर शिंगाचं बूच लावा, मगच पुढचं काम. नळीवर तळहाताने दोन-तीन थापा मारा म्हणजे दारू खाली बसेल.

वंगण लावलेलं कापड तोंडावर ठेवा, त्यावर गोळी. गोळीला साच्याचा चपटा भाग असेल तर तो नेहमी वरच्या बाजूला, बरोबर मध्ये. हातमुठीने गोळी आत सरकवा. मग गज घ्या, आणि घ्यायचा तो नळीच्या तोंडापासून वीतभर वरच. वीतभर ढकला, पुन्हा वर पकडा, पुन्हा ढकला. टोकाशी धरून जोर लावला की बारीक गज वाकून मोडतो आणि त्याचं टोक तळहातात घुसतं. या खेळातली ही नेहमीची जखम आहे, आणि ती पूर्ण टाळता येते.

गोळी दारूला टेकली की थांबा. दाब ठाम, पण दर वेळी सारखा. गज आपटून गोळी ठेचायची नाही. मग खूण बघा. खूण तोंडाशी जुळली नाही, तर गोळी मध्येच अडली आहे. दारू आणि गोळी यांच्यात मोकळी जागा राहिली असताना बार काढला तर नळी फुगते किंवा फुटते. गोळी खाली गेल्याशिवाय पुढे जायचं नाही. आणि गज बाहेर काढून जागेवर ठेवा. घाईत तो नळीतच राहतो आणि बाराबरोबर उडून जातो.

टोपी किंवा रंजक सगळ्यात शेवटी, रायफल लक्ष्याच्या दिशेला वळवल्यावर आणि घोडा अर्ध्यावर असताना. चकमकीच्या वाटीत रंजक तिसरा हिस्सा भरा. कान बुजेल एवढं टाकलं तर ते वातीसारखं हळू जळत जातं आणि बार उशिरा होतो.

बार झाल्यावर पुन्हा भरण्याआधी ओलसर कापड एकदा खाली-वर, मग कोरडं. .३२ मध्ये हे प्रत्येक बारानंतर करा. कापड फार घट्ट असेल तर ते काजळी तळाशी ढकलून आगीचा मार्ग बुजवतं, म्हणून ते थोडं सैल असावं आणि एकाच लांब दट्ट्यात खाली न नेता आखूड हातांनी न्यावं.

कागदावरचा सराव

निदान महिना-दोन महिने कागद सोडून कशावरही बार काढू नका. २५ यार्डांवर, म्हणजे २३ मीटरवर, टेकू देऊन बसा. .३२ असेल तर १५ ग्रेनपासून सुरू करा. रायफलीच्या पुस्तिकेतली कमाल मर्यादा सांभाळून पाच-पाच ग्रेन वाढवत न्या आणि प्रत्येक मापाचे पाच बार एका कागदावर काढा. आवाज कोणत्या मापाला मोठा येतो हे बघू नका. पाच भोकं कुठे सर्वांत जवळ पडली ते बघा. .३२ ला बर्‍याचदा २० च्या आसपास आणि .३६ ला २० ते ३० मध्ये गोड जागा सापडते. खारीला यापेक्षा जास्त दारू लागत नाही. जास्त घातली तर मांस वाया जातं.

यातलं सगळ्यात शिकवणारं काम म्हणजे उडालेली कापडं उचलून वाचणं. रायफलीपुढे चार-पाच मीटरवर ती पडलेली सापडतात. चांगलं कापड मध्यभागी काळपट गोल, सभोवती राखाडी किरणं, कडा जराशा विसकटलेल्या आणि विण शाबूत, असं दिसतं. अशी कापडं मिळू लागली की भोकंही आपोआप जवळ येतात. मध्ये जळून भोक पडलं असेल तर कापड पातळ आहे, वंगण कमी आहे किंवा दारू जास्त. गोलाच्या कडेने सुरीने कापल्यासारखे चिरे असतील तर नळीच्या तोंडाची किंवा आट्यांची धार तीक्ष्ण आहे. नव्या नळ्यांत हे होतं आणि शे-दोनशे बारांत बहुधा मुरतं. एका वेळी एकच गोष्ट बदला. कापडही बदललं, मापही बदललं, मग सुधारणा कशामुळे झाली ते कधीच कळत नाही. वहीत लिहून ठेवा, आणि त्या दिवशीची हवा दमट होती की कोरडी तेही लिहा, कारण काजळी हवेप्रमाणे मऊ किंवा कडक होते.

मग नेम जुळवा. बार डावीकडे जातो आहे आणि तुम्हाला तो उजवीकडे हवा आहे, तर मागची खाच उजवीकडे सरकवा. पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा उंचवटा, त्याच्या उलट चालते. बार खाली जात असेल तर पुढची माशी कानशीने घासून कमी करायची. नव्या रायफलींची माशी मुद्दाम उंच ठेवलेली असते, म्हणजे घासायला वाव राहतो. दोन हात कानस, पाच बार, पुन्हा बघा. घासलेलं परत येत नाही.

शिकारीला कधी निघायचं? २५ यार्डांवर एक इंचाच्या वर्तुळात पाचपैकी पाच, तेही टेकू सोडून झाडाच्या बुंध्याला टेकून बसल्यावर पडू लागले की. खारीचं डोकं दीड इंचाचं असतं आणि नेम तिथेच धरायचा असतो. जमत नसेल तर तो हंगाम कागदावरच घालवा. जखमी खार ढोलीत शिरून मरते आणि ती कुणाच्याच उपयोगाची नसते.

इंडियाना राज्यात फ्रेंडशिप नावाचं छोटं गाव आहे. १९३३ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय ठासणी-रायफल संघटनेच्या स्पर्धा तिथे भरतात. जून आणि सप्टेंबरमध्ये तिथे गेलात तर हयातभर हेच केलेली म्हातारी माणसं समोर बसून भरून दाखवतात. नवख्याला शिकवायचा त्यांना कंटाळा नाही.

बार उडाला नाही तर

घोडा पडला आणि आवाज फक्त टोपीचा आला, तर रायफल जिथे रोखली आहे तिथेच मिनिटभर धरून ठेवा. आत दारू धुमसत असू शकते. मिनिटानंतर दुसरी टोपी लावून बघा. पुन्हा तेच झालं तर निपल काढून त्याच्या भोकात थोडी दारू सरकवा, निपल बसवा, गोळी तळाशी टेकली आहे याची गजाने खात्री करा, आणि बार काढा. चकमकीत हेच काम बारीक तारेने कान मोकळा करून होतं.

दारू न घालताच गोळी ठासली जाणं हे प्रत्येकाच्या वाट्याला येतं. उपाय तोच, निपलच्या वाटेने थोडी दारू. ते जमलं नाही तर गजाला स्क्रू लावून गोळी उपसायची, पण आत दारू नाही याची पूर्ण खात्री झाल्यावरच. बोलता बोलता भरलं की हे हमखास होतं. चांदमारीवर गप्पा भरपूर मारा, माप हातात असताना नाही.

रानात

पूर्वेकडे दोन खारी भेटतील: करडी खार, साधारण अर्धा किलोची, आणि तांबूस फॉक्स स्क्विरल, किलोच्या घरात जाणारी. करडी दाट रानात, तांबूस शेताकडेच्या मोकळ्या झाडीत. केंटकीतलं डॅनियल बून राष्ट्रीय वन आणि मिझुरीतलं मार्क ट्वेन राष्ट्रीय वन इथे सार्वजनिक जमिनीवर जाता येतं. खासगी जमीन असेल तर मालकाची आधी परवानगी घ्या.

हंगामाच्या सुरुवातीला झाडं पानांनी भरलेली असतात, खार दिसत नाही, ऐकू येते. उजाडण्याच्या अर्धा तास आधी हिकरीच्या झाडाखाली बसा. हिकरी हे अक्रोडाच्या कुळातलं झाड, त्याच्या टणक फळांवर खारी तुटून पडतात. सुरुवातीला काही नाही. मग वरच्या पानांतून बारीक करकर येते, दातांनी कवच कातरल्याची, आणि त्यामागोमाग खालच्या वाळक्या पानांवर कवचाचे तुकडे टपटप पडतात, पावसाचे पहिले थेंब पडावेत तसे विरळ. तुकडे कुठे पडत आहेत ते बघून नजर सरळ वर न्या. ऑक्टोबरमध्ये हिकरी संपली की ओकच्या झाडांकडे सरका. नोव्हेंबरात पानं गळाली की खार लांबून दिसते, पण तुम्हीही तिला दिसता.

बार कधी काढायचा याचा एकच नियम पाळा: खारीच्या मागे जाड खोड किंवा फांदी असेल तरच. आकाशाच्या पार्श्वभूमीवर बसलेल्या खारीवर कितीही सोपा नेम असला तरी बार नाही. चुकलेली गोळी शेकडो यार्ड जाऊन कुठेतरी पडते, आणि तिथे घर असू शकतं. पळत्या खारीवरही नाही. ३०-३५ यार्डांपलीकडे गोल गोळी वेग हरवते आणि वार्‍याला भुलते. मी तिथे थांबायला सांगेन.

ऑड्यूबॉन या निसर्गचित्रकाराने डॅनियल बूनबद्दल लिहून ठेवलं आहे की तो खारीला न मारता तिच्या पोटाखालच्या सालीवर नेम धरायचा, आणि उडालेल्या सालीच्या दणक्याने खार मरून पडायची. दोघांची भेट खरी झाली का याबद्दल इतिहासकारांना शंका आहे. युक्ती मात्र प्रसिद्ध आहे आणि नवख्याला तिचा मोह पडतो. तिच्या नादी लागू नका. डोक्यावर नेम धरा.

बार झाल्यावर समोर पांढर्‍या धुराचा पडदा उभा राहतो, म्हणून बसतानाच वारा बाजूने येईल अशी जागा घ्या. उठू नका. खार कुठे पडली ते लक्षात ठेवा आणि बसल्या जागीच पुन्हा भरा. लाकडाच्या छोट्या पट्टीत भोकं पाडून त्यात कापडासह गोळ्या आधीच बसवून गळ्यात अडकवल्या तर काम शांतपणे होतं. दहा-पंधरा मिनिटांत बाकीच्या खारी आवाज विसरून पुन्हा खायला लागतात. खार खोडामागे लपून बसली आणि तुम्ही एकटे असाल, तर दुसर्‍या बाजूला एक काटकी फेका. ती तुमच्या बाजूला सरकते.

नारिंगी टोपी आणि जाकीट घाला, नियमात सक्ती असो वा नसो. गाडीत बसण्याआधी निपलवरची टोपी किंवा वाटीतलं रंजक काढून टाका. घरी जाण्यापूर्वी भरलेली रायफल मातीच्या बांधावर बार काढून रिकामी करा. दगडावर किंवा पाण्यावर नाही, तिथून गोळी उसळते.

मांस

खार गार व्हायच्या आत सोलली तर सोपी जाते. शेपटीच्या बुडाशी खालून आडवा छेद द्या, शेपटीवर पाय ठेवा आणि मागचे पाय धरून वर ओढा; कातडं सदर्‍यासारखं उतरतं. केस मांसाला चिकटू देऊ नका, नंतर ते निघत नाहीत. कोवळी खार तळून छान लागते. जून खार चिवट असते, तिला कुकरच्या चार-पाच शिट्ट्या द्या आणि भाजलेल्या कांदा-खोबर्‍याच्या वाटणात रस्सा करा. मांसाला हिकरीच्या फळांचा गोडवा असतो, मसाला बेताचाच घाला.

त्याच संध्याकाळी धुणं

ब्लॅक पावडरची काजळी हवेतली ओल ओढते आणि पोलाद रातोरात खाते. कितीही दमला असाल तरी रायफल त्याच दिवशी धुवायची. काम पाण्याचंच आहे: कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाचे दोन थेंब. उकळतं पाणी नको, त्याने लगेच गंजाचा पातळ थर येतो. नळी सुटी होत असेल तर तिचं बूड बादलीत बुडवा आणि कापड लावलेल्या गजाने पाणी वर-खाली खेचा. लांब नळी खिळ्यांनी जडवलेली असेल तर ती काढू नका. कानात लाकडी काडी खुपसा, वरून पाणी ओता, थोडा वेळ ठेवून ओतून टाका, असं पाणी स्वच्छ येईपर्यंत. निपल काढून वेगळं धुवा. घोड्याभोवतीची जागा जुन्या टूथब्रशने घासा. मग कोरडी कापडं, एकामागून एक, शेवटचं पांढरं निघेपर्यंत, आणि त्यानंतर तेल. हात साबणाने धुवा, शिसं हाताळलेलं असतं.

उरलेली दारू मूळ डब्यातच ठेवा, शेगडी, हीटर आणि मुलांच्या हातापासून लांब. विमानात ब्लॅक पावडर आणि टोप्या नेता येत नाहीत, हातातही नाही आणि चेक-इन सामानातही नाही. रायफलीची पिशवी विमानप्रवासाला वापरणार असाल तर तिचे सगळे खिसे आधी उलटे करून बघा.

दुसर्‍या दिवशी नळीतून एक कोरडं कापड फिरवा. ते तपकिरी आलं तर पाणी कुठेतरी राहिलं होतं. पुन्हा धुऊन, पुसून तेल द्या आणि तिसर्‍या दिवशी परत बघा.